एक आई, एक बाळ, तीन बॅगा: अमेरिकेहून एकटीनं घरी परतताना

बाळाचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ-राहू देणारं कार्ड, दुसऱ्या बॅगेत होतं. ती बॅग नुकतीच काट्यावर चढली होती. २२.८ किलो भरली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात काउंटरमागच्या बाईनं बाळाचा निळा अमेरिकन पासपोर्ट उलटसुलट करत विचारलं, "याचा भारताचा व्हिसा कुठे आहे?" चौदा महिन्यांचं पोर कडेवर, मागे लांबलचक रांग आणि नवरा दोरीपलीकडे उभा राहून उगाचच हात हलवतोय. मी तिथंच फरशीवर बसून बॅग उघडली. वर दुपटी, दुपट्यांत गुंडाळलेलं लग्नातलं पुरणयंत्र आणि पुरणयंत्राखाली ती फाइल, जिच्यासाठी आम्ही दोघं चार महिने धावत होतो.

चूक माझीच होती. पण त्या फरशीवर एक गोष्ट कळली. अमेरिकेत जाताना आम्ही जोडीनं गेलो होतो, एकाच दिवशी व्हिसाचं स्टॅम्पिंग झालं होतं, एकाच फोल्डरमधले कागद दाखवून आत शिरलो होतो. परतताना मात्र घरातला प्रत्येक जण वेगळ्या कागदावर असतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४वर, तिथं जन्मलेलं बाळ अमेरिकन नागरिक. 'आम्ही परत चाललोय' हे वाक्य बोलायला एक, पण कागदावर ते तीन वेगळे प्रवास असतात. त्यातले दोन एकटीच्या खांद्यावर येतात, कारण नोकरीची नोटीस, घराचा करार, गाडीची विक्री अशा कारणांनी नवरा दोन-तीन महिने मागे राहतो.

हा लेख अशा पुढे निघालेल्या बायकोसाठी आहे. मी न्यू जर्सीहून साताऱ्याला आले, पण डॅलसहून नाशिकला किंवा बे एरियातून कोल्हापूरला जाणारीलाही यातलं बरंचसं लागू पडेल. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकिटाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री कराच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ताई सांगते ते तिच्या वेळचं असतं.

आधी ठरवा: चक्कर की कायमचं

हे नवरा-बायकोनं समोरासमोर बसून, तारीख टाकून ठरवायचं. 'आत्ता जाते, मग बघू' या उत्तराची किंमत पूर्वी कमी होती, आता फार आहे.

कारण असं. पासपोर्टवरचा एच-४ व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असला आणि मुदतवाढ मंजूर झाल्याची आय-७९७ ही नोटीस हातात असली, तर अमेरिकेत राहायला काही अडचण नाही. पण एकदा बाहेर पडलात की परत शिरायला नवा स्टॅम्प लागतो आणि त्यासाठी मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत जावं लागतं. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवायचा 'ड्रॉपबॉक्स' जवळजवळ बंद झाला. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जाऊ लागली आणि ठरलेल्या कितीतरी मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. गणपतीला म्हणून आलेली माणसं पाडव्यापर्यंत अडकण्याचे हे दिवस आहेत.

यातला खरा पेच पहिल्यांदा माझ्याही लक्षात आला नव्हता. बाळ अमेरिकन आहे, ते केव्हाही परत जाऊ शकतं. आई जाऊ शकत नाही. दीड वर्षाचं पोर एकटं जाणार नाही, म्हणजे बाळाच्या निळ्या पासपोर्टचा आईला काडीचा उपयोग नाही. स्टॅम्प संपलेला असेल आणि परत यायचं नक्की असेल, तर मुलाखतीची तारीख हातात येईपर्यंत निघू नका.

नवऱ्याची नोकरी गेली असेल तर ठरवायला वेळच कमी असतो. शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस किंवा अमेरिकेत राहायची मुदत दाखवणाऱ्या आय-९४ या नोंदीवरची तारीख, यातलं जे आधी येईल ते, आणि ही मुदत बायकोलाही तशीच लागू असते. ६० दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. बाळाच्या कागदांना ते पुरत नाहीत, म्हणून पुढचा भाग नोकरी शाबूत असतानाच वाचलेला बरा.

बाळाचे कागद: दोघं एका छताखाली असतानाच

अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिक करता येतं का? येतं. जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायची आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. बहुतेक जण मात्र आधी अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि मग तो रस्ता बंद होतो. चूक-बरोबर ज्याचं त्यानं ठरवावं, पण हा निर्णय आहे हे माहीत असून घ्यावा. आम्ही तो नकळत घेतला. दवाखान्यातून घरी आलो आणि सगळे करतात म्हणून अमेरिकन पासपोर्टचा अर्ज द्यायला पोस्टात गेलो.

पासपोर्टचा फॉर्म डीएस-११. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी आई, बाप आणि मूल तिघांनीही समक्ष जायचं असतं. दोघांपैकी एकाला जमणार नसेल तर त्यानं डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून द्यायचा. पासपोर्ट मिळतो पाच वर्षांचा. फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते. पलंगावर पांढरी चादर अंथरून, बाळाला उताणं झोपवून, वरून फोटो काढा. डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं असा एक क्षण चाळीस फोटोंमध्ये सापडतो.

जन्मदाखला दोन प्रकारचा असतो. छोट्या दाखल्यावर आईबापाची नावं नसतात, तो आपल्या कामाचा नाही. आईबापाच्या नावांचा पूर्ण दाखला मागवा आणि एकच नको, तीन-चार प्रती घ्या. त्यातल्या एका प्रतीवर अपोस्टील करून घ्या. म्हणजे हा कागद खरा आहे असा शिक्का, जो अपोस्टील करारातले देश मानतात, आणि भारत त्या करारात २००५ पासून आहे. हा शिक्का ज्या राज्यात बाळ जन्मलं त्याच राज्याचं सरकार देतं. तिथं राहत असताना हे एका पाकिटाचं काम आहे. साताऱ्यात बसून न्यू जर्सीच्या राजधानीतल्या, ट्रेन्टनच्या कचेरीशी पत्रव्यवहार करणं म्हणजे काय, ते माझ्या नणंदेला विचारा. तिला शाळाप्रवेशाच्या वेळी आठवण झाली.

मग ओसीआय. आई किंवा वडील भारतीय नागरिक असतील तर मुलाला ते मिळतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीमार्फत वकिलातीकडे जातात: बाळाचा पासपोर्ट, पूर्ण जन्मदाखला, दोघांचे भारतीय पासपोर्ट, लग्नाचा दाखला, दोघांच्या सह्या. बाळाला सही येत नाही, म्हणून त्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा लागतो. तो झोपेत घ्या. जागेपणी घेतलात तर शाई भिंतीवर, कपड्यांवर आणि फॉर्म सोडून बाकी सगळीकडे जाते. लग्नाचा दाखला म्हणजे नोंदणीचा दाखला. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका चालत नाहीत. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी लग्नाची नोंदणी व्हिसाच्या घाईत केली, त्यामुळे तो दाखला असतो, पण कुठल्या ड्रॉवरमध्ये हा प्रश्न असतो.

एक अर्ज परत आला की तीन आठवडे जातात. आमचा एकदा आला, कारण लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं.

कायमचं परतायचं असेल तर ओसीआय हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ई-टुरिस्ट व्हिसा लवकर मिळतो, पण तो पाहुण्याचा व्हिसा. अमेरिकन नागरिकाला त्यावर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. घरी कुणी अत्यवस्थ असेल, उद्याच निघायचं असेल, तर त्याला पर्याय नाही, तेव्हा तोच घ्या. त्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठीचं ई-अरायव्हल कार्डही भरायचं असतं. ते १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालं आहे आणि पोचण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरतात. भारतीय पासपोर्टवाल्या आईला ते लागत नाही, तिच्या कडेवरच्या बाळाला लागतं!

नावांचा घोळ

आपल्याकडे मधलं नाव हे प्रकरण अमेरिकेच्या आणि विमान कंपन्यांच्या संगणकांना कळत नाही. आपण बायका लग्नाआधी वडिलांचं लावतो, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि मधलं अशी दोन्ही एकत्र असतात. तिकीट काढताना तोच रकाना जसाच्या तसा उतरवा. विमानाच्या तिकिटावर ती दोन नावं सलग चिकटून येतात. ते दिसायला विचित्र, पण चालतं. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं किंवा आडनावच माहेरचं पडलं तर मात्र चालत नाही. तिकीट आल्या दिवशी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. चोवीस तासांच्या आत दुरुस्ती बहुधा सहज होते.

बाळाचं आणि आईचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला हँडबॅगेत हवाच.

मागे राहणाऱ्याच्या सह्या

नवऱ्याकडून एक साधं पत्र लिहून घ्या: मी अमुक, माझी पत्नी अमुक, आमच्या अमुक मुलाला घेऊन अमुक तारखेला भारतात जात आहे, माझी संमती आहे, माझा फोन असा. खाली नोटरीसमोर सही. तुमच्या बँकेच्या शाखेत नोटरी असतो आणि खातेदारांना बहुतेक ठिकाणी फुकट करून देतो. अमेरिकेतून बाहेर पडताना आपल्याकडच्यासारखा इमिग्रेशनचा काउंटर नसतो, त्यामुळे हे पत्र कोण बघणार असं वाटतं. काउंटरवर विचारू शकतात, मधल्या विमानतळावर विचारू शकतात. मला कुणी विचारलं नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या मुलीला विचारलं.

इथं एक कठीण गोष्ट सांगायला हवी. नवरा-बायकोत बेबनाव असेल आणि त्याच्या संमतीशिवाय मूल घेऊन निघायचा विचार असेल, तर तिकिटाच्या आधी तिथल्या कौटुंबिक कायद्याच्या वकिलाशी बोला. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा अमेरिकेत १९९३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरात मारहाण होत असेल तर हे आणखीच जपून, कागदोपत्री करावं लागतं. 'आधी माहेरी तर ये' असं सांगणारे प्रेमानं सांगत असतात, पण पुढचे परिणाम त्यांना भोगायचे नसतात.

बाकीच्या सह्या सोप्या आहेत आणि म्हणूनच राहून जातात. गाडी दोघांच्या नावावर असेल तर विकताना दोघांची सही लागू शकते. घराच्या करारावर तुमचं नाव असेल, तर किल्ल्या परत देताना आणि अनामत रक्कम घेताना तेच. निघण्याआधी नवऱ्याच्या नावे मर्यादित कामांचं मुखत्यारपत्र नोटरी करून द्या. बँकेत संयुक्त खातं ठेवा, एकदम बंद करू नका. मागे राहिलेलं घराचं भाडं, विजेचं शेवटचं बिल, कराचा परतावा, सगळं तिथंच येतं.

आणि तुमचा अमेरिकेतला मोबाइल नंबर! तो बंद केलात तर बँकेचा ओटीपी हवेत जातो आणि ओटीपीशिवाय पत्ता बदलणंही जमत नाही. सगळ्यात स्वस्त प्लॅनवर टाका, वायफाय कॉलिंग चालू करा आणि भारतातल्या घरी ओटीपी येतो का हे निघण्यापूर्वी नाही, पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासा. नवरा तिथं असेपर्यंत दुरुस्ती करता येते.

तिकीट: पैशांचं नव्हे, हातांचं गणित

मी चौऱ्याऐंशी डॉलर वाचवायला दोन थांब्यांचं तिकीट बघत होते. माझ्या आईनं फोनवर एकच विचारलं, "दुसऱ्या थांब्यावर तुला लघवीला लागली तर पोर कुणाकडे देणार?" मी एका थांब्याचं काढलं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा, एकाच आरक्षण क्रमांकावर. वेगवेगळ्या दोन तिकिटांवर आलात तर मधल्या विमानतळावर सामान बाहेर काढून परत द्यावं लागू शकतं. त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं आणि शिरायला त्या देशाचा व्हिसा लागतो. इथं कितीतरी जणी अडकतात.

दुसरी अडकण्याची जागा म्हणजे युरोप. भारतीय पासपोर्टवर लंडनसारख्या ठिकाणी नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर सवलत मिळते. पण वर सांगितलं तसं, स्टॅम्प संपलेला आणि हातात फक्त आय-७९७ अशी कितीतरी कुटुंबं आहेत. आय-७९७ हा व्हिसा नव्हे. काउंटरवरची व्यक्ती संगणकात बघते आणि मान हलवते. बाळाला अमेरिकन पासपोर्टवर जाऊ देतात, आईला नाही, असा अजब प्रसंग तिथं उभा राहतो. स्टॅम्प संपला असेल तर युरोपातून जाऊच नका. दोहा, दुबई, अबुधाबी इथं विमानतळाच्या आत विमान बदलायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. किंवा थेट भारताचं विमान बघा.

आखाताचा मार्गही सरळ असतोच असं नाही. २३ जून २०२५ ला कतारनं अचानक आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं आणि दोह्यात हजारो माणसं अडकली. भारतीय कंपन्यांच्या विमानांना एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि त्यांचे पश्चिमेकडचे प्रवास लांबले. यात आपल्या हातात एकच गोष्ट आहे. बाळाचं खाणं, डायपर आणि औषध प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट तासांचं जवळ ठेवायचं. दोन थांब्यांच्या मधे साडेतीन-चार तास ठेवा. दीड तास हा बिनपोराच्या माणसांचा थांबा.

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवरचं तिकीट मिळतं, साधारण मोठ्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्यात, वर कर वेगळे. ते काढावंच लागतं, 'मांडीवरच तर आहे' चालत नाही. पहिल्या रांगेतल्या भिंतीला लावायचा पाळणा, ज्याला बॅसिनेट म्हणतात, तो तिकीट काढल्या दिवशी फोन करून मागा आणि वजनाची मर्यादा विचारा. ती कंपनीप्रमाणे बदलते, दहा-अकरा किलोच्या आसपास असते. माझं पोर बसत होतं. पण ऐनवेळी विमानच बदललं, नव्या विमानात त्या जागी पाळणा नव्हता आणि चौदा तास त्याला मांडीवर घेऊन बसले. पायांना मुंग्या येऊन गेल्या, पुढे काही जाणवायचं थांबलं. आज परत जायचं झालं तर दहा महिन्यांवरच्या मुलासाठी मी पूर्ण जागा विकत घेईन, बाकी कुठंही काटकसर करीन.

शेवटचं, मुंबईपुढच्या जोडविमानाचं. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. 'मुंबई' म्हणून काढलेलं पुढचं विमान सहारवरून आहे की उलव्यावरून, हे तिकिटावरच्या तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. सहारचं बीओएम, नवी मुंबईचं एनएमआय. मधे वाशीची खाडी आणि संध्याकाळची गर्दी आहे, बाळासह ती ओलांडायला लावू नका. आणि दिल्ली असो की मुंबई, भारतातल्या पहिल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर काढावं लागतं, मग पुढच्या विमानाला परत द्यायचं. त्याला वेळ धरा.

सामान

दोन बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या आणि बाळाची एक, अशी साधारण मुभा असते, स्ट्रोलर आणि कार सीट वेगळी. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत न्या आणि तिथं द्या.

मिक्सर, टोस्टर, केस वाळवायचं यंत्र तिथंच वाटून टाका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. बाटली गरम करायचं यंत्र आणि ब्रेस्ट पंप यांच्या खाली बारीक अक्षरात १००–२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते. नसेल तर पहिल्या दिवशी धूर निघतो. कार सीट मात्र आणा. इथले नातेवाईक हसतील, खंबाटकी घाटात हसायचे थांबतील.

दागिने अंगावर किंवा हँडबॅगेत. वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्या बाईला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने विनाशुल्क आणता येतात, पुरुषाला २० ग्रॅम. लग्नातल्या पाटल्या आपण इथूनच नेलेल्या असतात, पण ते सिद्ध कशानं करणार? जुन्या सराफी पावत्यांचे फोटो आणि तेच दागिने घातलेले लग्नातले फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी जाताना कस्टमकडून निर्यातीचा दाखला घेऊन ठेवला तर ही काळजीच राहत नाही. रोख रक्कम १०,००० डॉलरच्या वर नेत असाल तर अमेरिकेतून निघताना कळवावं लागतं. भारतात ५,००० डॉलरहून जास्त नोटा असतील तरी सांगावं लागतं. खरं तर रोख नेऊच नका, पोर आणि पैसे दोन्ही सांभाळणं होत नाही.

आणि कागदांची फाइल हँडबॅगेत. पुरणयंत्राखाली नव्हे.

डॉक्टरांकडून

लसींची पूर्ण नोंद छापून घ्या. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, इथं ती जन्मतःच देतात, त्यामुळे पोचल्यावर इथल्या डॉक्टरांना आधी तेच विचारा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराची लस लवकर देण्याची शिफारस तिकडचे डॉक्टर करतात. ती भेट महिनाभर आधी हवी.

निघायच्या दिवशी

आईचं दूध, फॉर्म्युला, बाळाचं पातळ खाणं १०० मिलीलिटरपेक्षा जास्त असलं तरी अमेरिकेच्या सुरक्षा तपासणीतून नेता येतं. ट्रेमध्ये ठेवायच्या आधी तोंडानं सांगा. पॉवर बँक हँडबॅगेत. मधल्या विमानतळावर बाटल्यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून दुधाची पावडर जवळ असू द्या. मऊ भात आणि मेतकूट डब्यात दिलंत तर पहिले सहा तास निभतात. आमच्या शेजारचा गृहस्थ मेतकुटाच्या वासानं दोनदा वळला, दुसऱ्यांदा चव मागितली.

हाताला दोनच गोष्टी हव्यात: पाठीवरची सॅक आणि बाळ पोटाशी बांधायची पट्टी. स्ट्रोलर दारात गेल्यावर मधल्या विमानतळावर तो लगेच मिळेल याची खात्री नसते.

मदत मागायची लाज सोडा. सरबराईच्या पैसे देऊन घ्यायच्या सेवा विमानतळांवर असतात. त्या परवडत नसतील तर शेजारच्या मावशींना सरळ सांगा, "पाच मिनिटं धरता का?" विमानात निम्म्या मावशी आणि काका नातवंडांना सोडूनच परत चाललेले असतात. त्यांचे हात रिकामे असतात आणि डोळे भरलेले.

मुंबईत उतरल्यावर

आई भारतीय पासपोर्टवर, बाळ ओसीआयवर. दोन रांगा दिसतील. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारा, तान्ह्या मुलासह आईला एकाच खिडकीवर पाठवतात. खिडकीवर तीन गोष्टी एकदम पुढे करा: दोघांचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. जन्मदाखला मागितला तरच.

रात्री दोन-तीनला उतरत असाल तर लगेच घाट चढू नका. सासरची मंडळी गाडी घेऊन आलेली असतील, ड्रायव्हरही रात्रभर जागा असेल. अंधेरीत किंवा नवी मुंबईत कुणाकडे तरी पाठ टेकून उजाडल्यावर निघा. आणायला येणाऱ्यांना आधीच सांगा: दोनच माणसं या, मोठी गाडी आणा. आमच्याकडे सात जण आले आणि बॅगांसाठी दुसरी गाडी बोलवावी लागली.

पहिले दोन आठवडे

भारत न्यू जर्सीपेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे आहे. बाळ रात्री एकला उठून खेळायला लागेल, घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवा. दिवसा उजेडात खेळवा, पडदे ओढून झोपवू नका. आठवड्याभरात गाडी रुळावर येते.

तुमच्याकडे आधार नसेल किंवा पत्ता जुना असेल तर ते काम पहिलं, कारण सिम कार्डापासून बँकेपर्यंत सगळं त्यावर अडतं. भारतीय पासपोर्टवाल्या आईला आधारसाठी थांबावं लागत नाही. ओसीआयवाल्या बाळाला १८२ दिवस इथं राहिल्यावरच मिळतं, तोवर त्याचा पासपोर्ट आणि ओसीआय हीच ओळख. बाळाचा पासपोर्ट पाच वर्षांनी बदलला की नवा पासपोर्ट ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा. तो अर्ज फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणि आठवड्यानं तुमच्या आय-९४ च्या पानावर जाऊन प्रवासाचा इतिहास बघा. अमेरिका निघताना शिक्का मारत नाही, तुम्ही गेल्याची नोंद विमान कंपनीच्या यादीवरून होते. तारीख आली असेल तर त्या पानाचं चित्र जपून ठेवा. आली नसेल तर बोर्डिंग पास फेकू नका. माझी नोंद सहाव्या दिवशी दिसली. त्याच रात्री नवऱ्याला फोन करून सांगितलं, की जन्मदाखल्याच्या उरलेल्या दोन प्रती आणि अपोस्टीलचा कागद तुझ्या हँडबॅगेत आण.